वाहण्याआधी जागा हवी

ऑस्बर्न रेनॉल्ड्स हे मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. नळीतून जाणारे पाणी संथ केव्हा असते आणि खळबळू केव्हा लागते, हे सांगणारा ‘रेनॉल्ड्स अंक’ त्यांच्याच नावाचा. १८८५ साली त्यांनी वेगळाच एक प्रयोग मांडला. पातळ रबराची पिशवी घेतली, तिच्यात शिशाचे छर्रे गच्च भरले, छर्ऱ्यांमधल्या फटींत रंगीत पाणी भरले आणि पिशवीच्या तोंडाला काचेची नळी बसवली. पिशवी दाबली की नळीतले पाणी वर चढणार, असे कोणीही सांगेल. रेनॉल्ड्सनी पिशवी दाबली आणि पाणी खाली उतरले.

गच्च बसलेले दाणे केव्हा आणि कसे वाहू लागतात, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या उलट्या वागण्यात आहे. मग ते दाणे वाळूचे असोत, गव्हाचे, खनिजाच्या पुडीचे किंवा डोंगरउतारावरच्या मातीचे. वाहायचे असेल तर दाण्यांना आधी जागा करून घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर ढीग टणक राहतो. आणि दाणे मुळातच सैल बसलेले असतील, तर गोष्ट उलटी होते आणि पुष्कळदा जीवघेणी ठरते.

चढल्याशिवाय सरकता येत नाही

एकावर एक रचलेल्या गोळ्यांचे दोन थर डोळ्यांसमोर आणा. वरच्या थरातला प्रत्येक गोळा खालच्या गोळ्यांमधल्या खोबणीत बसलेला असतो. वरचा थर बाजूला ढकलायचा तर प्रत्येक गोळ्याला खोबणीतून बाहेर पडून शेजारच्या गोळ्याच्या डोक्यावर चढावे लागते. म्हणजे सगळा थर वर उचलला जातो, एकूण आकारमान वाढते आणि मधल्या फटी रुंदावतात. पिशवी दाबल्यावर छर्रे एकमेकांवरून सरकले, फटी मोठ्या झाल्या आणि नळीतले पाणी त्या भरायला आत ओढले गेले. दाट दाण्यांच्या या फुगण्याला रेनॉल्ड्सनी ‘डायलटन्सी’ असे नाव दिले. आपण त्याला फुगणेच म्हणू.

याची साक्ष कोकणातल्या कोणत्याही ओल्या पुळणीवर मिळते. लाट नुकतीच मागे गेलेल्या वाळूवर पाय दिला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट दिसते. दाबामुळे पाणी बाहेर यायला हवे होते, पण वाळू फुगते आणि वरचे पाणी आत शोषते. पाय उचलला की ते परत वर येते.

आता फुगायला जागाच ठेवली नाही तर? हवा काढून सीलबंद केलेले कॉफीचे पाकीट विटेसारखे कडक लागते. आतली पूड तीच असते. बाहेरच्या हवेचा दाब पाकिटाला चहूबाजूंनी आवळून धरतो, त्यामुळे दाण्यांना एकमेकांवर चढता येत नाही. कात्रीने कोपरा कापला की पूड मोकळी होते. २०१० साली शिकागो आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी एका कंपनीच्या साथीने याच गुणाचा यंत्रमानवाचा पंजा बनवला. त्याला बोटे नव्हती, कॉफीची पूड भरलेला एक फुगा होता. फुगा वस्तूवर टेकवायचा, तो तिच्याभोवती पसरू द्यायचा आणि हवा ओढून घ्यायची. पूड घट्ट होते आणि वस्तू पकडीत येते.

स्वतः रेनॉल्ड्स मात्र या शोधामागे पार वाहवत गेले. अवघ्या अवकाशात भरलेला ‘ईथर’ अशाच दाट बसलेल्या कणांचा असणार आणि गुरुत्वाकर्षण त्याच्या फुगण्यातून येत असणार, असे त्यांनी १९०३ साली एका जाडजूड ग्रंथात मांडले. पुढे ईथरच मोडीत निघाला. रबराची पिशवी मात्र टिकली, आणि मला वाटते ग्रंथापेक्षा तिचे मोल अधिक आहे.

किती दाट म्हणजे दाट?

सारख्या आकाराचे गोळे जास्तीत जास्त दाट रचायचे तर ते जागेचा सुमारे ७४ टक्के भाग व्यापतात. फळवाला संत्र्यांची रास रचतो तीच ही रचना. याहून दाट रचना शक्य नाही, हा केप्लरचा तर्क सतराव्या शतकातला. थॉमस हेल्स यांनी त्याची सिद्धता १९९८ साली जाहीर केली. पण कोणी रचत न बसता गोळे नुसते ओतले आणि हलवले, तर ते ६४ टक्क्यांच्या आसपास थांबतात. अगदी हलक्या हाताने, द्रवात अलगद बसू दिले तर ५५-५६ टक्क्यांवरही ढीग उभा राहतो. दाण्यांचे सगळे राजकारण या ५५ आणि ६४ मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात चालते.

लंडनमध्ये जे. डी. बर्नाल यांनी १९६०च्या सुमारास पोलादी गोळ्यांच्या ढिगात काळा रंग ओतला, तो निथळू दिला आणि मग एकेक गोळा काढून त्यावरचे डाग मोजले. जिथे दोन गोळे टेकले होते तिथे रंगाची खूण राहिली होती. प्रत्येक गोळ्याला खरे स्पर्श सरासरी सहाच्या आसपास निघाले. हा आकडा योगायोगाचा नाही. प्रत्येक गोळ्यावरची बले तीनही दिशांना तोलली जायची असतील आणि गोळे गुळगुळीत असतील, तर हिशेब नेमका सहा स्पर्शांवर जुळतो. पाच झाले की ढीग कोसळायला मोकळा. गोळ्यांना घर्षण असेल तर चार स्पर्शही पुरतात, कारण प्रत्येक स्पर्श आता आडवे बलही पेलतो. वाळू सैल बसूनही उभी राहते ती या घर्षणाच्या जोरावर, आणि म्हणूनच तिचे सैल उभे राहणे भरवशाचे नसते.

धान्य मापणाऱ्याला यातले बरेच ठाऊक असते. पायली भरून दोनदा आपटली की धान्य खाली बसते आणि आणखी मूठभर मावते. पण बसण्याला अंत किती? १९९५ साली शिकागोत काचेच्या मण्यांनी भरलेल्या उभ्या नळीला हजारो ठोके देऊन पाहिले. पहिल्या काही ठोक्यांत मणी भरभर खाली बसले. पुढे वेग इतका मंदावला की हजारो ठोक्यांनंतरही बसणे पुरते थांबेना. जसजसे दाटायचे, तसतशी एका मण्याला जागा मिळायला अधिकाधिक शेजाऱ्यांनी एकदम सरकावे लागते, आणि असा योग दुर्मीळ होत जातो.

त्याच शिकागोतल्या सिडनी नेगल यांनी अँड्रिया लिऊ यांच्याबरोबर १९९८ साली सुचवले की वाळू, फेस, काच अशा वरवर वेगळ्या पदार्थांचे ‘जॅम’ होणे एकाच नकाशावर मांडता येईल. ठप्प झालेल्याला मोकळे करण्याचे मार्ग तीन: दाटी कमी करा, बाजूने जोर लावा किंवा आतल्या कणांना हलत ठेवा. वाळूच्या बाबतीत तिसरा मार्ग म्हणजे हादरे. तापवून काही होत नाही. वाळूचा एक कण एका व्यासाइतका वर उचलायला लागणाऱ्या ऊर्जेपुढे खोलीच्या तापमानाची ऊर्जा नगण्य असते. पाण्याचे रेणू आपोआप हलत राहतात, वाळूला कोणीतरी हलवावे लागते.

उताराचे दोन कोन

कोरड्या वाळूचा ढीग करत गेलात तर तो उंच होतो, रुंद होतो, पण उतार साधारण तोच राहतो, ३० ते ३५ अंशांच्या आसपास. फ्रेंच लष्करी अभियंता कूलोम याने मार्टिनिक बेटावर अनेक वर्षे किल्ल्याचे बांधकाम केले होते. मातीच्या भिंती कोसळू नयेत म्हणून त्याने केलेला विचार १७७३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला गेला. विद्युतभारांचा नियम त्याने पुढे शोधला, मातीचा त्याआधीचा. मातीचा एक थर दुसऱ्यावरून घसरवायला लागणारा जोर त्या थरावरच्या दाबाच्या प्रमाणात वाढतो, हे त्याचे सूत्र. दाब दुप्पट झाला तर जोरही दुप्पट लागतो, म्हणून कोन ढिगाच्या आकारावर ठरत नाही. धरणे आणि भिंती यांच्या हिशेबात हे सूत्र आजही वापरतात.

यात एक मेख आहे. संगणकावर अजिबात घर्षण नसलेले गोळे घेऊन ढीग केला, तरी त्याला सुमारे ६ अंशांचा उतार मिळतो. घर्षण शून्य असूनही दाणे एकमेकांत अडकतात, केवळ आकारामुळे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ढीग हळूहळू तिरपा करत गेलात तर तो ज्या कोनाला घसरायला लागतो, त्याच कोनाला थांबत नाही. सुरू होण्याचा कोन थांबण्याच्या कोनापेक्षा एक-दोन अंशांनी, कधी त्याहून जास्त मोठा असतो. लिबियाच्या वाळवंटात मोटारी घेऊन फिरलेला आणि वाऱ्याने उडणाऱ्या वाळूवर १९४१ साली आजही वाचला जाणारा ग्रंथ लिहिणारा ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅगनॉल्ड याने हा फरक नोंदवला होता. दाट ढिगाला सुरू व्हायला फुगावे लागते, फुगायला जास्तीचा जोर लागतो; एकदा फुगून सैल झाला की तो कमी उतारावरही वाहत राहतो. वाळूच्या टेकडीचा उतार दिवसेंदिवस निवांत दिसतो आणि मग एकदम मोठा लोट खाली येतो, तो या एक-दोन अंशांच्या उधारीमुळे.

कागदावरचा ढीग आणि खरा ढीग

१९८७ साली पर बाक, चाओ टांग आणि कर्ट वीसेनफेल्ड या तिघांनी वाळूच्या ढिगाचे एक गणिती प्रारूप मांडले. चौकटीच्या कागदावर एकेक कण टाकायचा. एखाद्या चौकटीत चार कण झाले की ते चारही बाजूंच्या चौकटींत वाटून द्यायचे. असा ढीग आपसूक अशा स्थितीत येतो की पुढचा एक कण काहीच करणार नाही, किंवा सगळा ढीग हलवेल. भूकंप, जंगलातले वणवे, शेअर बाजार, सगळीकडे हे प्रारूप लावून पाहिले गेले.

या प्रारूपाचे नेमके गणित सुटले ते मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दीपक धर यांनी १९९० साली दाखवले की कोणती चौकट आधी ओसंडली आणि कोणती नंतर, याने शेवटच्या चित्रात फरक पडत नाही. या एका धाग्यावरून प्रारूपाचे कितीतरी गुण कागद-पेन्सिलने काढता आले. धर पुढे पुण्याच्या आयसरमध्ये आले आणि २०२२ साली त्यांना बोल्ट्झमन पदक मिळाले. ते मिळवणारे ते पहिले भारतीय.

गंमत अशी की खरी वाळू या प्रारूपाप्रमाणे वागत नाही. शिकागोत १९८९ साली केलेल्या प्रयोगांत वाळूचे लोट कसेही लहानमोठे आले नाहीत. ढीग थांबायचा, सुरू होण्याच्या कोनापर्यंत चढायचा आणि मग मोठा लोट यायचा, पुन्हा तेच. दोन कोनांमधल्या फरकाने प्रारूपाला दगा दिला. १९९६ साली ऑस्लोतल्या संशोधकांनी दोन काचांमध्ये तांदळाचे ढीग करून पाहिले. लांबट तांदळाने बाक यांच्या अपेक्षेप्रमाणे सर्व आकारांचे लोट दिले. त्यामानाने गोल तांदळाने दिले नाहीत. लांब दाणा घरंगळत नाही, घासत जाऊन लवकर थांबतो, त्यामुळे लोटाला वेगाचा जोर साठवता येत नाही. सुंदर गणित आणि खरा पदार्थ यांची गाठ पडली ती तांदळाच्या एका वाणापुरती. म्हणून धरांचे काम कमी ठरत नाही. ते ज्या प्रारूपाबद्दल आहे त्याबद्दल ते चोख आहे. वाळूबद्दल बोलताना मात्र वाळूलाच विचारावे.

भार काही दाणेच उचलतात

ढिगातला भार सगळ्या दाण्यांवर सारखा वाटला जातो, अशी आपली समजूत असते. दाबाखाली प्रकाशाचे रंग बदलणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्या घेतल्या आणि त्या ध्रुवित प्रकाशात पाहिल्या, की ही समजूत गळून पडते. ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट बेरिंजर यांनी असे प्रयोग वर्षानुवर्षे केले. चित्रात काही चकत्यांच्या ओळी लखलखतात आणि शेजारच्या अनेक काळ्याच राहतात. बल या ओळींतून, साखळ्यांतून जाते. त्याच विद्यापीठात २०११ साली बुलबुल चक्रवर्ती यांच्या सहभागाने झालेल्या कामात दिसले की एरवी सैल ठरावी अशी चकत्यांची मांडणी एका दिशेने ढकलली तर साखळ्या उभ्या राहून ठप्प होते. बाजूने लावलेला जोर मोकळे करतो तसा अडकवूही शकतो.

साखळ्या भिंतींना जाऊन टेकतात, आणि त्यातून सायलोचे नवल घडते. टाकीत पाणी जितके उंच, तितका तळाशी दाब जास्त. धान्याचे तसे नाही. ब्रेमेनच्या यान्सेन या अभियंत्याने १८९५ साली धान्याच्या कोठारांवरच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. भरत जाल तसा तळावरचा दाब सुरुवातीला वाढतो, पण रुंदीच्या तीन-चारपट उंची झाली की जवळपास थांबतो. पुढचे सगळे वजन घर्षणामुळे भिंती पेलतात. म्हणून पत्र्याचे सायलो तळातून फुटण्यापेक्षा भिंतींत चुरगळून बसण्याची भीती मोठी.

खालच्या भोकातून धान्य सोडले तर? पाण्याची धार टाकी रिकामी होत जाते तशी मंदावते. धान्याची मंदावत नाही, म्हणून वाळूचे घड्याळ वेळ नीट दाखवते. हॉलंडमध्ये बेव्हरलो आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली निरनिराळे बी-बियाणे सोडून याचे सूत्र बांधले: वेग ठरतो तो भोकाच्या आणि दाण्याच्या मापावर, वरच्या उंचीवर नाही. भोक दाण्याच्या पाच-सहा पटींपेक्षा लहान असेल तर तोंडाशी दाण्यांची कमान बसते आणि प्रवाह तुंबतो. स्पेनमधल्या नवार्रा विद्यापीठाने २०११ साली यावर एक विचित्र उपाय दाखवला. भोकाच्या थोडे वर योग्य जागी एक अडथळा बसवला तर तुंबण्याची शक्यता शंभरपटीने कमी होऊ शकते. अडथळा वरचा भार स्वतःवर घेतो आणि तोंडाशी दाण्यांना हलायला मोकळीक राहते.

धान्याच्या मोठ्या कोठारात उतरणाऱ्यांसाठी यात एक इशारा आहे. वर घट्ट दिसणारा थर खाली पोकळी झालेली कमान असू शकते. खालून धान्य सुटत असताना आत कोणीही उतरू नये.

वाहू लागल्यावरचा नियम

पाण्याच्या प्रवाहाला समीकरण आहे, वाळूच्या प्रवाहाला नव्हते. २००४ साली फ्रान्समधल्या अनेक प्रयोगशाळांनी आपापली मापे एकत्र केली, आणि २००६ साली मार्सेयच्या पिएर जॉप, योएल फोर्टेर आणि ऑलिव्हिए पुलिकेन यांनी त्यातून एक नियम मांडला. मर्म दोन काळांच्या तुलनेत आहे. एक, दाबामुळे दाण्याला पुढच्या फटीत पडायला लागणारा वेळ. दुसरा, वरचा थर खालच्यावरून एका दाण्याइतका पुढे सरकायला लागणारा वेळ. पहिला फार लहान असेल तर दाणे निवांत जागा घेतात आणि घर्षण कमीत कमी राहते. दोन्ही जवळ आले की दाण्यांना बसायला सवड मिळत नाही, ते आपटत राहतात आणि घर्षण वाढते. त्यांच्या काचेच्या मण्यांसाठी हे घर्षण कोनांच्या भाषेत सुमारे २१ अंशांपासून सुमारे ३३ अंशांपर्यंत जाते. या दोन कोनांमधल्या उतारावर मण्यांचा प्रवाह ठरावीक वेगाने चालू राहू शकतो. २१ अंशांखाली तो थांबतो, ३३ च्या वर वेग घेतच जातो.

नियम चांगला आहे, पण सुरुवातीच्या आणि शेवटच्या क्षणांपाशी तो अडखळतो. त्याच्या मते ठरावीक उताराखाली हालचाल शून्य असायला हवी. जपानमधल्या एका प्रयोगात २००१ साली दिसले की वाहणाऱ्या थराच्या खाली, जिथे सगळे स्थिर भासते, तिथेही दाणे अतिमंद सरकत असतात. खोल जावे तसा वेग घटतो, पण शून्य होत नाही. लायडनमधल्या २०१० सालच्या प्रयोगात तर दाण्यांच्या भांड्याच्या एका भागात घुसळण केली आणि दूर, अगदी शांत दिसणाऱ्या भागात ठेवलेला जड गोळा हळूहळू बुडू लागला. एका जागची हालचाल शेजाऱ्यांच्या साखळ्यांना धक्के देते आणि दूरचा ढीगही थोडा थोडा द्रव होतो. स्थिर आणि वाहता अशी स्पष्ट रेघ दाण्यांमध्ये नसते.

फटींत पाणी असेल तर

आतापर्यंत फटींत बहुधा हवा होती. पाणी आले की सगळे पणाला लागते. मातीच्या यांत्रिकीचा पाया घालणारे कार्ल टर्झागी यांनी १९२० च्या दशकात सांगितले की दाण्यांना एकमेकांवर दाबून धरणारे बल म्हणजे एकूण दाबातून फटींतल्या पाण्याचा दाब वजा करून उरते तेवढेच. घर्षण या उरलेल्या दाबावर चालते. पाण्याने सगळा भार स्वतःवर घेतला तर घर्षण उरत नाही.

आता रेनॉल्ड्स आणि टर्झागी एकत्र आणा. दाट माती घसरू लागली की फुगते, फटी वाढतात, पाणी ओढले जाते, त्याचा दाब घटतो आणि दाणे एकमेकांवर अधिक घट्ट बसतात. घसरण स्वतःलाच लगाम घालते. सैल माती घसरू लागली की उलट आकसते. फटी लहान होतात, पाण्याला पटकन बाहेर जायला वाट नसते, त्याचा दाब वाढतो, दाणे सुटे होतात. घसरण स्वतःलाच ढकलते. दोहोंच्या मधली, ना फुगणारी ना आकसणारी घनता कोणती, हे आर्थर कॅसाग्रांडे यांनी १९३६ साली वाळूसाठी दाखवले.

हा फरक किती मोठा असू शकतो, हे अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जंगलातल्या ९५ मीटर लांब काँक्रीटच्या घसरणीवर उघड झाले. रिचर्ड आयव्हरसन आणि सहकाऱ्यांनी तिथे वालुकामय मातीचे थर रचून त्यात पाणी वाढवत नेले आणि निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध केले. ज्या मातीत फटी जवळपास निम्म्या होत्या, ती आकसली, अर्धवट द्रव झाली आणि एका सेकंदाच्या आत दर सेकंदाला एक मीटरहून अधिक वेगाने धावली. त्याच मातीत फटी ४० टक्के ठेवल्या तर ती थांबत-थांबत, सरासरी दर सेकंदाला दोन मिलिमीटर सरकली. माती तीच होती आणि फरक दहा टक्क्यांचा. पण एकीपासून माणूस चालत दूर जाऊ शकतो, दुसरीपासून पळूनही नाही.

वेल्समधल्या ॲबरफॅन गावावर २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी कोळसाखाणीच्या कचऱ्याचा ढीग आला तो दुसऱ्या प्रकारचा. १९५८ पासून हा सातव्या क्रमांकाचा ढीग झऱ्यांच्या उगमावर सैल ओतला जात होता. आत पाणी साठले, पायथा घसरला आणि भिजलेला कचरा द्रव होऊन शाळेवर गेला. १४४ जण मेले, त्यांतली ११६ मुले होती. चौकशी न्यायाधिकरणाने दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला.

आपल्याकडे आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगर आला आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. त्यानंतर २०२१ मध्ये तळीये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी. सह्याद्रीच्या उतारावर कातळावर मुरलेली माती आणि दगडगोटे यांचा थर असतो, आणि पावसाळ्यात त्या थरातल्या पाण्याचा दाब चढतो. प्रत्येक उताराची घनता कोणी मोजून ठेवलेली नाही. म्हणून जी चिन्हे दिसतात त्यांच्यावरच विसंबावे लागते: डोंगरावर नव्याने पडलेल्या भेगा, कललेली झाडे आणि खांब, अचानक गढूळ झालेले किंवा नव्या जागी फुटलेले झरे. अशी चिन्हे मुसळधार पावसात दिसली तर सकाळची वाट पाहू नये.

जहाजाच्या पोटातला माल

याच भौतिकशास्त्राने समुद्रातही माणसे मारली आहेत. लोहखनिजाची बारीक पूड जहाजात भरताना कोरडी, ढिगाने उभी राहणारी दिसते. पण ती उघड्यावर पावसात पडलेली असेल तर फटींत पाणी असते. इंजिनाच्या कंपनांनी आणि लाटांच्या डोलण्याने पूड खाली बसत जाते, फटी आक्रसतात, पाण्याचा दाब वाढतो आणि एका क्षणी टणक दिसणारा माल दाट चिखल होतो. जहाज एका बाजूला कलले की तो तिकडे वाहतो, आणि जहाज परत उलट कलताना पुरता माघारी येत नाही. दोन-चार हेलकाव्यांत कल वाढतो आणि जहाज उलटते.

२००९ च्या पावसाळ्यात भारतीय बंदरांतून लोहखनिजाची पूड घेऊन निघालेली दोन जहाजे बुडाली: जुलैमध्ये मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि सप्टेंबरमध्ये पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’. गोव्याच्या मुरगाव बंदरातून तर अनेक दशके अशीच पूड परदेशी जात आली आहे. मलेशियाच्या क्वांतान बंदरातून बॉक्साइट घेऊन निघालेले ‘बल्क ज्युपिटर’ २ जानेवारी २०१५ रोजी व्हिएतनामच्या किनाऱ्यापुढे बुडाले आणि १९ खलाशांपैकी १८ गेले. पुढच्या तपासात बॉक्साइटची रीत थोडी वेगळी निघाली. त्यात सगळा माल एकदम द्रव होत नाही. पाणी आणि बारीक कण वर येऊन गाळ साचतो आणि तो गाळ एका बाजूने दुसऱ्या बाजूला हिंदकळतो. बुडणाऱ्याला अर्थात फरक पडत नाही, पण कोणती चाचणी करायची हे त्यावर ठरते.

सुट्या मालाच्या वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संहिता २०११ पासून बंधनकारक आहे. माल ज्या ओलाव्याला वाहू लागतो, त्याच्या ९० टक्क्यांपर्यंतचाच ओलावा ती अशा मालात चालवून घेते. प्रयोगशाळा जवळ नसेल तर कप्तानाला गोदीवरच करता येईल अशी एक ढोबळ तपासणीही तिच्यात आहे. अर्धा ते एक लिटरचा डबा मालाने अर्धा भरायचा, साधारण २० सेंटिमीटरवरून कडक पृष्ठभागावर जोरात आपटायचा, एक-दोन सेकंदांच्या अंतराने २५ वेळा. वर पाणी सुटले किंवा माल पातळ झाला, तर पक्की चाचणी होईपर्यंत तो जहाजात चढवायचा नाही. पाणी सुटले नाही, तरी तेवढ्यावरून माल सुरक्षित ठरत नाही.